सतरा टन आठशे

लग्नकार्यात शेजारी बसलेल्या बाईने "तुम्ही कॉलेजात काय शिकवता?" असं विचारलं की मी सांगायचे, "शिकवत नाही, सळया तोडते." बाई जरा सरकून बसायची. पण त्यात खोटं काही नव्हतं. मावळातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातूंच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं सहायक होते. सर फळ्यावर शिकवायचे ते खरं आहे की नाही, हे मुलांना मशीनवर दाखवणं माझं काम. सुरुवातीला मुलं मला ताई म्हणायची. केस पांढरे झाले तसं मावशी म्हणायला लागली.

माझे वडील देहूरोडला डेपोत फिटर होते. घरातला नवा तवासुद्धा ते आधी बोटाने वाजवून बघायचे. मी आयटीआय केलं ते त्यांच्या हट्टाने, आणि स्वभाव घेतला तो आईचा. आई कुलूप लावून निघाली की कोपऱ्यावरून परत यायची, कुलूप ओढून बघायला. मीही तशीच. गॅस बंद केलाय हे माहीत असताना दोनदा उठून बघणारी. असल्या बाईच्या हातून मी आता सांगणार आहे ती चूक व्हावी, याचं मला अजून नवल वाटतं.

बाहेरच्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगते. लोखंडाची सळई मशीनच्या दोन जबड्यांत धरायची आणि तेलाच्या दाबाने ओढायची. आधी ती किंचित लांबते. त्या वेळी सोडली तर मुकाट्याने पूर्वीसारखी होते. एका मर्यादेपुढे ओढली की मग परत येत नाही, लांबच राहते. आणखी ओढली की मध्येच एका जागी बारीक होत जाते. मुलं म्हणायची, "मावशी, कंबर आली." आणि मग बंदुकीसारखा आवाज होऊन तुटते. साधं, मऊ पोलाद असं सगळं सांगूनसवरून तुटतं. कडक केलेलं पोलाद जास्त ओझं घेतं, पण जाताना काही सांगत नाही. कडक म्हणजे मजबूत नव्हे, हे मुलांच्या डोक्यात शिरलं की माझा निम्मा अभ्यासक्रम संपायचा.

बाहेरची माणसंही यायची. लोणावळ्याचे एक चिक्कीवाले काका चिक्की लाटायचा तुटलेला रूळ घेऊन आले होते, आणि तो का तुटला हे मी सांगेपर्यंत त्यांनी अर्धा किलो चिक्की टेबलावर मांडली होती. कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंगची छत्री बांधून उडणारा एक तरुण कमरेची कडी घेऊन आला. त्याला म्हटलं, "अरे, तपासायची म्हणजे मी ती तोडणार." तो कडी छातीशी धरून परत गेला. ठेकेदारांच्या सळया तर रोजच्याच. मी ओढायचे, आकडा लिहायचे, सर सही करायचे. कागदावर शिक्का पडला की त्या लोखंडाला जणू जन्मदाखला मिळायचा.

नसरीन दुसऱ्या वर्षाला होती. कामशेतला तिच्या वडिलांचं, शब्बीरभाईंचं लोहारकामाचं आणि वेल्डिंगचं दुकान. त्यांचे कोयते आणि विळे पार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत जायचे. मुलगी अबोल, पण प्रयोगाला सगळ्यांत पुढे. बाकीची मुलं मोबाईल बघत भिंतीला टेकलेली असायची आणि ही मशीनच्या तोंडाशी.

एप्रिल होता. विहिरी खणायचे दिवस. पवनेच्या अंगाला एका वाडीत विहीर चालली होती आणि तिथल्या यारीसाठी शब्बीरभाईंकडे हुक मागितला होता. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचा क्रेनसारखा सांगाडा. तारेच्या दोराला हुक, हुकाला लोखंडी टोपलं. त्यातून फोडलेला दगड वर येतो आणि त्याच टोपल्यात बसून माणसं खाली जातात, वर येतात.

शब्बीरभाईंनी हुक केला, आणि लाल असतानाच पाण्यात बुडवला. कोयत्याला पाणी देतात तसं. हुकाला पाणी दिलं, की तो कडक, म्हणजे चांगला, असा त्यांचा तीस वर्षांचा हिशेब. नसरीनने घरात वाद घातला. आमच्याकडे तिने नुकतंच पाहिलं होतं, कडक तुकडा एका घावात कसा खडूसारखा तुटतो ते. "अब्बा, हा वाकणार नाही, एकदम तुटेल. खाली माणसं असतात." शब्बीरभाई दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी न दिलेला दुसरा हुक केला आणि म्हणाले, "तुझ्या कॉलेजाचा कागद आण. मग लावतो."

गुरुवारी सकाळी बापलेक हुक घेऊन आले. तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. काही मिनिटं सोडून.

आमचं मशीन जुन्या पद्धतीचं, मोठ्या घड्याळासारख्या काट्याचं. त्याला दोन रेंज. हलक्या कामाला दहा टनांची, जड कामाला वीस टनांची. रेंज बदलायची तर दोन गोष्टी करायच्या. पुढची खुंटी फिरवून तबकडी बदलायची, आणि मागे जाऊन छोटं दार उघडून आतल्या लोलकाला जादा वजन अडकवायचं. खुंटी फिरवली आणि वजन अडकवलं नाही, तर काटा दुप्पट दाखवतो. वाण्याने किलोचं माप म्हणून अर्ध्या किलोचं टाकावं, तसंच हे. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना हेच पढवायचे. "खुंटी पुढे, वजन मागे. पुढचं केलंत की मागे जा."

सकाळच्या तुकडीने ॲल्युमिनियम ओढलं होतं, दहाच्या रेंजवर. वजन खाली काढून ठेवलेलं. मग हुक आला. मी खुंटी वीसवर फिरवली. तेवढ्यात शब्बीरभाई मशीनकडे बघत म्हणाले, "ताई, हे एवढं मोठं मशीन, आणि माझ्या हुकाने ते मोडलं तर?" मी हसले. त्यांना समजावत बसले. मागे गेले नाही.

हुक ओढला. काटा सहा टनांवर नेला, थांबवला, परत आणला. हुकाचं तोंड मोजलं, जसंच्या तसं. त्या टोपल्यात भरून एक टन दगड. हिसका बसला तर दोन धरा. सहा म्हणजे चिंताच नाही. शब्बीरभाई मुलीकडे बघून एवढंच म्हणाले, "बरं." पण जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ते मी पाहिलं. दुपारी सरांची सही झाली आणि शुक्रवारी सकाळी हुक विहिरीवर लागला.

ओळखीची सळई असती तर चूक तिथल्या तिथे पकडली असती. सोळा मिलीमीटरची साधी सळई नऊ टनांच्या आसपास तुटते, हे मला झोपेतही सांगता येतं. पण त्या हुकाचा आकडा आधी कुणालाच माहीत नव्हता. जो दिसला तो खरा.

आणि गंमत बघा, त्याच गुरुवारी दुपारी नसरीनच्या तुकडीने त्याच मशीनवर तीच ओळखीची सोळाची सळई तोडली. मी तिथेच होते. माझा हात तेलाच्या चाकावर आणि नजर सळईवर, कारण तुटताना कुणी जवळ वाकलं की इजा व्हायची. काटा बघून आकडा ओरडायचं काम एका मुलाचं. तो ओरडला, "आठ टन नऊशे." मी मान डोलावली. बरोबर होतं.

त्या मुलाने काट्याकडे बघितलंच नव्हतं. त्याच्या हातात मागच्या वर्षीच्या मुलाची जर्नल होती. सीनियरची जर्नल पुढे पुढे येत जाते, दर वर्षी तेच आकडे नव्या अक्षरात उतरतात. हे मला माहीत होतं. सरांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. आकडे बरोबर असतात ना, मग कशाला बोला.

शुक्रवारी मशीनवर काही काम नव्हतं. शनिवारी सकाळी सर जर्नल तपासत होते. मी शेजारी बसून शिक्के मारत होते. सर हसले आणि एक जर्नल माझ्यापुढे सरकवली. "बघा, सीनियरच्या जर्नलमधून नीट उतरवताही येत नाही. सगळ्यांचं आठ नऊशे, हिचं सतरा टन आठशे. बरोबर दुप्पट." त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'चूक. पुन्हा लिहा.'

जर्नल नसरीनची होती. आणि माझ्या डोक्यात दुप्पट हा शब्द राहिला.

मी उठले, मशीनच्या मागे गेले आणि दार उघडलं. जादा वजन खाली जमिनीवर होतं. गुरुवारी सकाळी मी ज्या फडक्यावर ठेवलं होतं, त्याच फडक्यावर.

म्हणजे हुकावर सहा टन आलेच नव्हते, तीन आले होते. त्यापुढे त्या हुकाचं काय होतं, हे कुणालाही माहीत नव्हतं. आणि त्याला दुसऱ्या दिवशीही माणसं लटकत होती.

सरांना सांगितलं. ते खुर्चीवरून उठलेच. शब्बीरभाईंना फोन लावला, तर ते लोखंड आणायला पुण्याला गेलेले. विहीर खणणाऱ्या धोंडूआबांचा फोन लागेना, त्या खोऱ्यात कुणाचाच लागत नाही. मी वर्गाच्या दाराशी जाऊन नसरीनला बाहेर बोलावलं. हुक पोचवायला ती वडिलांबरोबर गेली होती, तिला वाट माहीत होती.

तिच्या स्कूटीवर मी मागे बसले. पवनेच्या रस्त्याला लागल्यावर सगळं सांगितलं. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मावशी, म्हणजे मी काटा बरोबर वाचला होता?"

"हो."

"मी तीनदा बघितला होता. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुझं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. हे मी बोलले होते, हे लक्षात ठेवा.

रस्ता संपेना. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, पुढे माणसं जमलेली दिसतील. समोरून एक जीप जोरात आली तर वाटलं, दवाखान्यात कुणाला तरी नेतायत. जीपमध्ये आंब्याच्या पेट्या होत्या. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं नंतर निम्मंही फेडलं नाही.

विहीर दिसली तेव्हा यारीचं इंजिन चालू होतं. चालू होतं, म्हणजे काही झालेलं नव्हतं. आणि चालू होतं, म्हणजे कोणत्याही क्षणी होणार होतं. काठावर धोंडूआबा उभे होते, साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल. डोंगरवाडीतलं कुटुंब, उन्हाळ्यात विहिरी खणायच्या आणि पावसात भात लावायचा.

"आबा, इंजिन बंद करा," मी धापा टाकत म्हणाले. "हुक काढा. मी कॉलेजातून आलेय. त्या कागदावरचा आकडा चुकलाय."

आबांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "हुक तर ब्येस हाय की. सकाळी मी बगितला न्हवं का."

त्यांनी खिशातून बांबूची एक खुंटी काढली, बोटभर. नवा हुक लागला की पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडात घट्ट बसेल अशी खुंटी ते तासतात, आणि रोज सकाळी घालून बघतात. सैल बसली तर तोंड उघडतंय, हुक फेकायचा. "काल बसत व्हती तशीच बसती. मंग?"

"आबा, तरी काढा. चूक माझी आहे. मी सहा टन लिहिलं, खरं तीनच होतं. पुढचं मला माहीत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ल्योक आन सून खाली हायेत," ते म्हणाले. "त्यांना वर काडू कशानं?"

याचा मी विचारच केला नव्हता. विहीर चाळीस फुटांवर गेली होती. मी काठावरून वाकून पाहिलं. खाली दोन डोकी, वर बघणारी. सुनेने हात कपाळाशी धरला होता, उन्हासाठी.

आबांनी ओरडून सांगितलं, "टोपल्यात कुनी बसू नका. रिकामं येऊ द्या." इंजिन पुन्हा सुरू केलं, रिकामं टोपलं वर आलं. त्यांनी हुक काढला, नवा जाड दोर तारेच्या फासातून आणि टोपल्याच्या कडीतून तीनदा फिरवला, गाठ मारली, गाठीवर पाय देऊन ओढली. मग स्वतः टोपल्यात उभे राहून काठालगतच दोनदा उडी मारली. मी डोळे मिटले. नसरीनने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली ती मला घरी गेल्यावर कळली. टोपलं खाली गेलं. आधी सून आली, मग मुलगा. सून पदराने तोंड पुसत मला म्हणाली, "काय झालं, मावशी? पानी लागलं का कुटं?" तिला वाटलं, मी सरकारी बाई आहे.

आबांनी हुक माझ्या हातात दिला. वर ती खुंटीही. "न्या. काय त्ये नीट बगा. पर येक सांगा, तुमाला कळलं कसं?"

मी नसरीनकडे बोट केलं. "हिने काटा बघून लिहिलं."

"आन बाकीच्यांनी?"



सोमवारी सकाळी शब्बीरभाई, नसरीन, सर आणि मी मशीनपुढे उभे राहिलो. मी वजन अडकवलं. तिघांना मागे नेऊन दाखवलं. हुकाच्या तोंडात आबांची खुंटी घट्ट बसवली आणि ओढायला लागले. दोन टन. अडीच. तीन. तिथपर्यंत तो पूर्वी गेला होता. तीन टन चारशेला खुंटी निसटली आणि खालच्या पत्र्यावर टप्पकन पडली. हुक हळूहळू तोंड उघडत गेला. तुटला नाही.

शब्बीरभाईंनी वाकून खुंटी उचलली. मला वाटलं, आता म्हणतील, हेच का तुमचं शिक्षण. ते मुलीला म्हणाले, "उघडला. तुटला नाही. तू म्हणत होतीस तसंच." मग माझ्याकडे वळले. "ताई, जाड सळईचा करतो. ह्या वेळी मागे मी जाऊन बघणार." नवा हुक झाला. खऱ्या सहा टनांना त्याची खुंटी हलली नाही. त्या हुकाने ती विहीर पुरी झाली.

इथे थांबले असते तर ही गोष्ट माझ्या फायद्याची झाली असती. चूक केली, धावत गेले, कबूल केली. निरोप समारंभात मी ती एवढीच सांगितली होती आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

पण सोमवारीच दुपारी सरांनी मला बोलावलं. "जुना कागद फाडून टाका. नवा दिलाय, विषय संपला. बाहेर कळलं तर आजवरच्या सगळ्या कागदांवर लोक शंका घेतील. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मीही रात्रभर तेच घोकत होते. आणखी किती वेळा वजन विसरले असेन? कुठल्या इमारतीत, कुठल्या पुलात? मला खात्रीने माहीत होतं की असं पूर्वी कधी झालं नाही. पण गुरुवारीही मला खात्रीच होती.

मी बाहेर आले तर नसरीन प्रयोगशाळेत बसलेली. पुढे जर्नल उघडी, त्यावर सरांची लाल शाई. जर्नल दुसऱ्या दिवशी द्यायची होती. नव्या पानावर तिने तक्ता आखला होता, सगळे रकाने भरले होते, एकच रिकामा.

"मावशी," ती म्हणाली, "कुठला आकडा लिहू?"

एवढं म्हणायचं होतं की, तू पाहिलास तो लिही, खाली कारण लिही, मी सही करते. तेवढंच. विहिरीच्या काठावर अनोळखी माणसापुढे जे मला जमलं, ते माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलाशी जमलं नाही. तिथे माणसं लटकत होती. इथे फक्त एक मुलगी बसली होती.

मी म्हणाले, "आठ टन नऊशे लिही. सगळ्यांनी लिहिलंय ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. बापाशी घातला होता. आठ टन नऊशे लिहिलं, जुनं पान जर्नलमधून सोडवलं आणि टेबलावर ठेवून गेली. तिला पूर्ण गुण मिळाले. पुढची दोन वर्षं ती कॉलेजात होती, भेटली की नमस्कार करायची. मशीनच्या तोंडाशी मात्र पुन्हा उभी राहिली नाही. तीही इतरांसारखी भिंतीला टेकून बसायची.

आता तिथे कॉम्प्युटरचं मशीन आलंय. वजनं नाहीत, काटा नाही. आकडा पडद्यावर आपोआप येतो आणि मुलं त्याचा फोटो काढतात. जुन्या मशीनचं मागचं दार अजून माझ्या स्वप्नात येतं. मी ते उघडते आणि आत काय दिसणार या धास्तीने जागी होते.

नसरीनचं ते पान मी फेकलं नाही. कपाटात आहे. आपल्या अंकासाठी कामातल्या गमतीजमती लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा ते काढून समोर ठेवलं. निळ्या शाईत आकडा आणि त्यावर लाल शाई. नसरीन हा अंक वाचेल की नाही, ठाऊक नाही. पण तेव्हा मी जे लिहू दिलं नाही, ते आज माझ्या नावाखाली लिहिते. कामशेतच्या नसरीनने त्या गुरुवारी काटा बघून आकडा घेतला होता, आणि तो तिने बरोबर वाचला होता. सतरा टन आठशे. संपादकांना एकच विनंती, छापताना तो दुरुस्त करू नये.